नाताळच्या सुटीतील सहल आणि घरचा जमाखर्च
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मंडळाच्या चिटणीसबाईंनी मला सांगितले की यंदा तुम्ही चार शब्द बोला. मी म्हटले, मी काय बोलणार? माझी शाळा सातवीपर्यंत. पुढे लग्न झाले आणि वही सुटली. त्या म्हणाल्या, "तुम्ही सहलीचा हिशेब लिहून ठेवता ना, तोच सांगा." म्हणून आज ती वही हातात घेऊन उभी आहे. चुकले तर सांभाळून घ्या.

सहल म्हटले की आपल्यापैकी पुष्कळ बायकांना वाटते, ही पैसेवाल्यांची गोष्ट. आपण माहेरी जातो, लग्नाला जातो, वारीला जातो, तेवढेच आपले फिरणे. पण अलीकडे मुले ऐकत नाहीत. दिवाळीची सुटी फराळात, पाहुण्यांत आणि सोयाबीनच्या मळणीत जाते. उन्हाळ्यात आपल्याकडे बाहेर पाऊल टाकवत नाही. राहिला डिसेंबर. हवा गार, आभाळ स्वच्छ, कपाशीचे दोन पैसे घरात आलेले, आणि 25 तारखेला नाताळची सुटी. ती शनिवार-रविवारला जोडून आली की सगळ्या घरांतून एकच ओरड होते, "आपण कुठे जायचे?" आणि इथेच घोटाळा होतो. कुठे जायचे ते ठरते, कशात बसून जायचे तेही ठरते, पण कशातून जायचे, म्हणजे कोणत्या पैशातून, ते ठरत नाही.

आमचेही तसेच झाले. सांगायला लाज वाटते, पण सांगते.

2022 साली 25 डिसेंबरला रविवार होता. रविवारी गर्दी असते म्हणून आमच्याकडे ठरले की सोमवारी अजिंठ्याला जायचे. मुलांची एक दिवस शाळा बुडवली. भाड्याची जीप ठरवली, साडेचार हजार रुपये. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, घरीच राहिल्या. म्हैस कोण पाहणार, असे आम्ही म्हटले आणि त्याही म्हणाल्या, "मी कुठी जाऊ वं माय? लेकरं गेले का मी गेल्यासारखीच." आम्ही ते खरे मानले आणि जीपमध्ये बसलो.

फर्दापूरच्या फाट्यावर पोहोचलो तर सगळे सामसूम. अजिंठ्याची लेणी सोमवारी बंद असतात. ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे, पुस्तकात आहे, मोबाईलवर आहे, एका फोनवर कळली असती. आम्हा चौघांपैकी एकालाही विचारायचे सुचले नाही. चूक दुसऱ्या कोणाची नव्हे, आमचीच. मुले रडकुंडीला आली. मग त्यांची समजूत घालायला एका हॉटेलात जेवलो, ते नऊशे रुपये. पुढे एका ठिकाणी पाळणे आणि खेळणी होती, तिथे साडेतीनशे. चहा, पाण्याच्या बाटल्या, हे ते, अडीचशे. बेरीज करा. सहा हजार रुपये गेले आणि लेण्याचा एक दगडही पाहिला नाही. फोटो मात्र पुष्कळ काढले. जीपपुढे उभे राहून, हॉटेलात बसून. ते मोबाईलवर लावले आणि सगळ्या गावाने पाहिले.

ते सहा हजार कपाशीच्या पैशातले होते. त्यात विजेचे बिल होते, आणि माझ्या शिलाई यंत्रासाठी बचत गटातून घेतलेल्या कर्जाचा हप्ता होता. जानेवारीच्या बैठकीत माझा हप्ता पडला नाही. दंड भरला, दंडाचे काही नाही. पण बैठकीत एकजण हळूच म्हणाली, "जीपला पैसे होते, गटाला नाहीत." भगिनींनो, त्या दिवशी मला जमीन फाटेल तर बरे असे झाले. कारण ती खरे बोलत होती. गटात आपल्याला कर्ज मिळते ते आपल्या शब्दावर मिळते. तारण म्हणून आपल्याजवळ दुसरे आहे काय?

पण त्याहून मोठी गोष्ट मला संक्रांतीच्या हळदीकुंकवाला कळली. तिळगूळ देता देता माझ्या मुलीच्या मैत्रिणीची आई म्हणाली, "तुमच्या पोरीला बस लागते म्हणे? म्हणून ती शाळेच्या सहलीला येत नाही." मी पाहतच राहिले. शाळेची सहल वेरूळ-दौलताबादची होती, नऊशे रुपये भरायचे होते. मुलीने घरी शब्द काढला नव्हता. तिने आमचे बोलणे ऐकले असेल, बिलाचे, हप्त्याचे. शाळेत सांगून टाकले की मला बस लागते. हीच मुलगी त्या जीपमध्ये जाताना-येताना गाणी म्हणत होती. तिला काही लागत-बिगत नाही. तेरा वर्षांच्या पोरीने आमच्या सहलीची किंमत भरली, आणि तीही खोटे बोलून भरली.

मी घरी येऊन तिला काही बोलले नाही. काय बोलणार? रात्री यांना सांगितले. हे बराच वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "आता सहल बंद." मला तेही पटेना. एकदा ताटात केस निघाला म्हणून कोणी जेवण सोडते का?

माझी बहीण बुलढाण्याला राहते. तिच्या शेजारी एक ख्रिस्ती कुटुंब आहे, तिथे कित्येक पिढ्यांपासून राहणारे. त्या बाई परिचारिका होत्या, आता निवृत्त आहेत. सगळे त्यांना सिस्टर म्हणतात, मीही म्हणते. आपल्याला नाताळ म्हणजे सुटी, त्यांना तो वर्षाचा सण. त्यांच्याकडेही करंज्या, शंकरपाळे, चकल्या होतात, घराला रंग लागतो, मुलांना कपडे येतात. 25 ला सकाळी चर्चमध्ये उपासना, मग घरी पाहुण्यांचे जेवण. सहल त्यांची दुसऱ्या दिवशी असते. सगळे घर डबे घेऊन निघते, म्हाताऱ्यासकट. त्यांची पेन्शन काही फार मोठी नाही. मी विचारले, सिस्टर, सणाचा एवढा खर्च झाल्यावर तुम्हाला सहलीला पैसे उरतात कसे?

त्या हसल्या. म्हणाल्या, "उरले तर जाऊ असे म्हटले असते तर एकही वर्ष गेले नसतो. उरत कधीच नाहीत. मी सहलीचे पाकीट आधी भरते, तेही जुलैपासून." आणि पुढे म्हणाल्या, "तुमची दिवाळी तिथीने पुढे-मागे होते. आमचा नाताळ दर वर्षी 25 लाच येतो. तरी लोकांना तो अचानक आल्यासारखा वाटतो."

ही गोष्ट मी पदराला गाठ मारून आणली.

जुलै 2023 पासून मी एक पत्र्याचा डबा केला. आठवडी बाजाराच्या दिवशी पिशवीत भाजी पडायच्या आधी डब्यात 50 रुपये पडायचे. आधी, नंतर नाही. बाजारातून आल्यावर टाकीन म्हटले की काही उरत नाही, हे मी दोनदा करून पाहिले आहे. दोन आठवडे चुकले, ते पुढच्या बाजाराला दुप्पट टाकून भरून काढले. 26 आठवड्यांचे 1300 झाले. रद्दी आणि भंगार विकून 150 आले. दिवाळीत यांनी कोणाला न सांगता डब्यात 200 टाकले, ते मोजताना कळले. एकूण 1650.

आता कुठे जायचे? मी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात सगळ्यांना बसवून विचारले. मुलगा म्हणाला अजिंठा, बदला घ्यायचा म्हणाला. मुलगी म्हणाली लोणार. मग मी आत्याबाईंना विचारले. त्या पुन्हा म्हणाल्या, मी कुठी जाऊ. मी म्हटले, म्हैस जाऊबाई पाहणार आहे, तिचे गोठ्याचे काम संक्रांतीला मी करणार आहे, बोलणे झाले आहे, तुम्ही ठिकाण सांगा. तेव्हा त्या म्हणाल्या, "लोणारची धार पाहाची होती मले. तुमचा सासरा दरसाल म्हने, नेतो. नेलं नाही." लग्न होऊन त्यांना साठ वर्षे होत आली होती आणि लोणार आपल्याच जिल्ह्यात!

लोणार ठरले.

मग मी वहीत लिहिले. आमच्या गावाहून चिखलीपर्यंत ऑटो, माणशी 20, पाच माणसे, जाऊन-येऊन 200. चिखलीहून मेहकर आणि मेहकरला गाडी बदलून लोणार, एस.टी.ने. इथे आपल्या बायकांचे पारडे जड आहे हे लक्षात ठेवा. मार्च 2023 पासून राज्य परिवहनच्या गाडीत सगळ्या बायकांना अर्धे तिकीट आहे. त्याआधी ऑगस्ट 2022 पासून 75 वर्षे पुरी झालेल्यांना तिकीटच नाही. 65 ते 75 वाल्यांना अर्धे. पाच ते बारा वर्षांच्या मुलांनाही अर्धे. म्हणजे आमच्या पाच माणसांत पूर्ण तिकीट एकट्या यांचे. मी, मुलगी आणि मुलगा अर्ध्यात, आत्याबाई फुकट. जाऊन-येऊन 540 चा अंदाज धरला. जीपचे साडेचार हजार कुठे आणि हे कुठे! जानेवारी 2025 मध्ये एस.टी.चे भाडे सुमारे पंधरा टक्के वाढले आहे, तेव्हा आता हिशेब करणारीने तेवढे वाढवून धरावे. आणि वयाच्या दाखल्यासाठी आधार कार्ड बरोबर हवे, नाही तर वाहक काय करणार?

लोणारला स्टँडवरून ऑटो 150. चहा-फराळ 160. मुलांना आपापल्या मनाने खर्चायला 50-50, म्हणजे 100. हे जरूर द्यावे. हे दिले की दुकानापुढे "मला ते घे" हा हट्ट होत नाही. पैसे त्यांचे, मग ते आपल्यापेक्षा चिकट होतात. देवापुढे 50. एकूण 1200. आणि वेगळ्या पुडीत 400, ते अडचणीचे. कोणाला बरे वाटले नाही, गाडी चुकली, तर त्यासाठी. ती पुडी माझ्या कमरेच्या पिशवीत आणि तिला हात लावायचा नाही. उरले पन्नास, ते डब्यातच राहू दिले.

जेवण घरचे. दुधात भिजवलेल्या दशम्या केल्या, त्या दोन दिवस मऊ राहतात. शेंगदाण्याची चटणी, ठेचा, मेथीची सुकी भाजी, थोडे गूळ-खोबरे. कोणी म्हणेल, सहलीला जाऊनही बाईला चूल सुटली नाही. खरे आहे. पण त्या दिवशी पहाटे चार वाजता दशम्या मुलीने लाटल्या आणि यांनी पाणी भरले. हेही आधी ठरवले होते. खर्चाची वाटणी तशी कामाची वाटणी वहीत लिहावी, नाही तर आपली सहल म्हणजे आपली दुप्पट पाळी.

दिवसाचाही विचार करावा लागतो. डिसेंबरात कपाशीची वेचणी, हरभऱ्याचे पाणी. शेतीची वीज काही दिवस दिवसा येते, काही दिवस रात्री. रात्रभर पाणी देऊन आलेल्या माणसाला सकाळी सहलीला ओढणे बरे नव्हे. म्हणून यांना आठवड्याचे विजेचे वेळापत्रक विचारून मगच 25 डिसेंबर 2023 हा दिवस धरला. त्या वर्षी 25 ला सोमवार आला होता. मुलगा म्हणाला, "आई, सोमवार आहे. लोणार बंद नाही ना?" सगळे हसले. खड्ड्याला कुलूप कोण लावणार?

लोणारविषयी तुम्हाला मी काय सांगू? आपल्यापैकी निम्म्याजणी तिथे जाऊन आल्या असतील. आभाळातून पडलेल्या अशनीने कठीण काळ्या बेसॉल्ट खडकात हा खड्डा पाडला, त्याचा काठापासून काठापर्यंत व्यास सुमारे 1.8 किलोमीटर आहे. कधी पडला, तर पूर्वी पन्नास-बावन्न हजार वर्षे सांगत, नंतरच्या अभ्यासात तो पाच लाखांच्या वर गेला. पाणी खारट आणि क्षारांचे. जून 2020 मध्ये ते गुलाबी झाले होते, तेव्हा आपला जिल्हा जगभर गाजला. त्याच वर्षी नोव्हेंबरात सरोवराला रामसर यादीत जागा मिळाली. ही सगळी माहिती माझी नव्हे. मुलीने वहीत लिहून आणली होती आणि काठावर उभी राहून आजीला वाचून दाखवत होती.

आत्याबाईंनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "एवढा खड्डा पाडला, तं मंग तो दगड कुठी गेला?" मुलीला उत्तर येईना. यांनाही येईना. पुढे शाळेत बाईंना विचारले तेव्हा कळले की आदळल्यावर एवढी उष्णता होते की बहुतेक दगड वितळून आणि वाफ होऊनच जातो. प्रश्न बरोबर होता म्हातारीचा.

खाली सरोवरापर्यंत आम्ही उतरलो नाही. उतार मोठा, आत्याबाईंच्याने झाले नसते. मुलगा कुरकुरला, पण हे आधीच बोलून ठेवले होते की जिथपर्यंत आजी, तिथपर्यंत सगळे. धारेवर मात्र नेले. मुलीने हात धरून पायऱ्या उतरवल्या. बारमाही गोड्या पाण्याची ती धार, आणि खाली तेवढे खारे पाणी. आत्याबाईंनी पाय धुतले, डोळ्यांना पाणी लावले आणि बराच वेळ तिथेच बसून राहिल्या. आम्ही कोणी घाई केली नाही. नंतर गावातले दैत्यसूदनाचे देऊळ पाहिले. छताकडे पाहून मान दुखते एवढे कोरीव काम आहे. दुपारी झाडाखाली दशम्या खाल्ल्या.

हिशेब कुठे चुकला तेही सांगते. चालणे जास्त होते म्हणून ऑटोला आणखी 50 द्यावे लागले. बोरे आणि पेरू मी अंदाजात धरलेच नव्हते, त्यांचे 40. म्हणजे 1200 चे 1290 झाले. अडचणीची पुडी फोडली, पण 90 साठीच. डब्यात 360 परत आले. एस.टी.त वाहकाने आत्याबाईंना शून्य रुपयाचे तिकीट दिले, ते त्यांनी चंचीत घालून ठेवले. अजून आहे. आल्यागेल्याला दाखवतात.

ते 360 मी तसेच ठेवले आणि त्यात भर घालून जानेवारी 2024 मध्ये मुलीच्या शाळेच्या सहलीचे पैसे भरले. पैसे हातात दिले तेव्हा ती म्हणाली, "आई, मला बस लागते." मी म्हटले, "लागू दे." मग दोघी हसलो. त्याआधीचे आम्ही दोघींनी कधी काढले नाही, आजही काढत नाही. आता वहीत पहिली ओळ शाळेच्या सहलीची असते, दुसरी घरच्या. शाळेच्या सहलीला एस.टी. अर्ध्या भाड्यात गाडी देते, तेव्हा शाळेने फार पैसे मागितले तर पालकसभेत गाडी कोणती आहे ते विचारायला हरकत नाही.

2024 ला मुलगी दहावीत होती म्हणून जवळच सिंदखेडराजाला अर्ध्या दिवसात जाऊन आलो. जिजाऊंचा जन्मवाडा पाहिला. 12 जानेवारीला तिथे मुंगीला शिरायला जागा नसते, नाताळात निवांत पाहता येते. शेगाव आम्ही नाताळात टाळतो. महाराजांच्या संस्थानात व्यवस्था उत्तम, महाप्रसाद असतो, राहायला भक्तनिवास, त्यामुळे खर्च कमी. पण वर्षाच्या शेवटी दर्शनाची रांग पाहता म्हाताऱ्या माणसाने तेव्हा जाऊ नये. अजिंठ्याला जाणाऱ्यांनी सोमवार सोडून जावे, वेरूळला मंगळवार सोडून. अजिंठ्याचे तिकीट आपल्या माणसाला 40 रुपये, पंधरा वर्षांखालच्या मुलांना नाही. आपली गाडी फाट्यावर सोडून पुढे एस.टी.च्या गाडीने जावे लागते, त्याचे भाडे वेगळे धरावे. इतके पैसे मोजून शिकलेले आहे, तुम्हाला फुकट सांगते.

काही भगिनी म्हणतील, आठवड्याला 50 सुद्धा कुठून आणावेत? ज्या वर्षी सोयाबीनला भाव नसतो त्या वर्षी मलाही जड जाते. त्यावेळी 20 टाकावेत. 20 चे 26 आठवड्यांत 520 होतात. त्यात लोणार होणार नाही, पण कोणाच्या तरी शेतात हुरडा आणि गावाजवळच्या देवळापर्यंतचे जाणे होते, आणि म्हातारे माणूस बरोबर येते. कर्ज काढून मात्र जाऊ नये. गटाचा हप्ता डब्यात टाकू नये आणि डब्यातले गटात भरू नये. दोन्ही मी करून पाहिले आहे.

यंदा मुलाचे म्हणणे अजिंठाच. आत्याबाई म्हणतात, मला लेण्यांच्या पायऱ्या चढवणार नाहीत, पण मी खाली बसून राहीन, शिदोरी सांभाळीन, घरी मात्र ठेवू नका. डब्यात पैसे पडत आहेत. आणि यांनी स्वतः दिनदर्शिका पाहून सोमवारावर लाल खूण केली आहे.

वही इथे टेबलावर ठेवते. कोणाला पाहायची असेल तर चहाच्या वेळी पाहावी, अक्षर वाईट आहे, पण आकडे बरोबर आहेत.